माहेरी गेली की यादीतून गेली

कंपनीत पहिल्या दिवशी आम्हाला टाळ्या वाजवायला शिकवलं. खोटं नाही सांगत. अमरावतीत एका हार्डवेअरच्या दुकानावरचा मजला, भिंतींना ओला रंग, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, आणि पुण्याहून आलेली एक पोरगी आम्हा चौदा जणींना गोल उभं करून सांगत होती की रोज सकाळी नऊला असंच उभं राहायचं. जिनं आदल्या दिवशी सगळ्यात जास्त गरोदर बायांची नोंद केली तिच्यासाठी टाळ्या वाजवायच्या, आणि तिनं पुढं येऊन दोन शब्द बोलायचे. मी चार वर्षं खासगी दवाखान्यात नर्स होते. प्रसूतीच्या खोलीत किती लेकरं माझ्या हातावर आली त्याचा हिशेब मी कधी ठेवला नाही, आणि ही मला टाळ्या वाजवायला लावते! पण पगार दवाखान्यापेक्षा बरा होता आणि अकोल्याला अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान बसत चाललं होतं. वाजवल्या.

माझं नाव वाचून त्याच पोरीनं मला बाजूला घेतलं आणि कौतुकानं म्हणाली, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" आमच्या खानदानातले लोक किती पिढ्या अकोल्यात रुई पिंजत आले कोण जाणे. माझी शाळा मराठी, मैत्रिणी मराठी, भांडायचं झालं तर मला मराठीच सुचतं. मी म्हटलं, "तुमचंही बरं आहे." ती हसली. तिला ते लागलंच नाही, याचा मला जास्त राग आला.

त्या नोकरीत मी अकरा महिने टिकले. तेवढ्या काळात कंपनी एका तालुक्याची अकरा तालुक्यांची झाली, मजल्याचे दोन मजले झाले, आणि चौदा जणींच्या साठ झाल्या. फुगायला वेळ लागत नाही.

कंपनी ज्यानं काढली तो तीस-बत्तिशीचा पुण्याचा मुलगा. मला नावानं हाक मारा म्हणायचा. कोणी मारली नाही, आम्ही साहेबच म्हणायचो. त्याची बहीण बाळंतपणात जाता जाता वाचली होती, म्हणून हे काम सुरू केलं असं तो प्रत्येकाला सांगायचा आणि सांगताना त्याचे डोळे खरंच भरून यायचे. तेवढ्यापुरता तो मला माणूस वाटायचा. बाकी वेळ त्याचं तोंड पाहिलं की माझं डोकं फिरायचं.

ती वर्षं आमच्याकडची वाईट होती. कापूस बोंडअळीनं खाल्ला, तूर झाली तर तिला भाव नाही, आणि पेपरात आमच्या जिल्ह्यांची नावं यायची ती एकाच कारणासाठी. त्या बातम्यांच्या मागे गाड्या यायच्या. सर्वेवाले, कॅमेरेवाले, मन मोकळं करा म्हणणारे. आमची कंपनीही त्याच रस्त्यानं आली. साहेब पाहुण्यांना पडद्यावर जे दाखवायचे त्यात पहिलं चित्र भेगाळलेल्या जमिनीचं होतं. जमीन लाल. मी एकदा विचारलं, साहेब, वऱ्हाडात माती काळी असते, ही कुठली आणली? ते म्हणाले, फील महत्त्वाचा आहे. दर्यापूरच्या एखाद्या म्हाताऱ्याला ते चित्र दाखवलं असतं तर त्यानं फील कुठे घालायचा ते नीट सांगितलं असतं.

काम मात्र चांगलं होतं, हे कबूल करते. स्कूटीवर गावोगाव जायचं, गरोदर बाईचं वजन घ्यायचं, बीपी घ्यायचा, रक्त-लघवी तपासायची आणि सगळं टॅबमध्ये भरायचं. वेळेवर भेट झाली की बाईच्या नावापुढे हिरवा ठिपका, उशीर झाला की पिवळा, चुकली की लाल. बीपी वाढलेला दिसला की नावाला जोखमीची खूण लागायची आणि मग तिच्याकडे दर आठवड्याला जायचं. बायांनाही बरं वाटायचं. घरी येऊन कोणी दंडाला पट्टा बांधतं, पाय दाबून सूज बघतं, दोन गोष्टी विचारतं, हे त्यांच्या सासवांनासुद्धा नवीन होतं. आम्ही प्रत्येकीला गुलाबी कार्ड द्यायचो. ते कार्ड बाया देवाजवळ ठेवायच्या.

घोळ होता माहेरचा. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. हिंदू असो, मुसलमान असो, सातव्या महिन्यात ओटी भरली, गोदभराई झाली की आई येते आणि लेकीला घेऊन जाते. हे शेंबड्या पोराला माहीत आहे. पण टॅबला माहीत नव्हतं. टॅबमध्ये बाईची नोंद सासरच्या गावावर आणि नवऱ्याच्या मोबाइलवर. ती माहेरी गेली की तिच्या नावापुढे पिवळा, मग लाल ठिपका, आणि सकाळच्या टाळ्यांच्या वेळी सगळ्यांचं आमच्याकडे रोखून बघणं. मग पुण्यात कोणीतरी एक बटण बनवलं. त्याच्यावर लिहिलं होतं, स्थलांतर. ते दाबलं की बाईची नोंद बंद. लाल ठिपका गायब, यादी स्वच्छ. ज्या दोन महिन्यांत बाईला खरी गरज, नेमकी त्याच वेळी आम्ही तिला यादीतून काढायचो आणि त्याला काम पूर्ण झालं म्हणायचो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी साहेबांना सांगितलं. एकदा नाही, तीनदा. म्हटलं, माहेरचं गाव आणि आईचा नंबर टाकायला जागा करा, आणि त्या गावच्या आपल्या सखीला नाव दिसू द्या. आम्हाला कंपनीत सखी म्हणायचे. ते म्हणाले, बरोबर आहे, पण ही काठावरची केस आहे, फार थोड्या जणींच्या बाबतीत होते, पुढच्या आवृत्तीत बघू. मी म्हटलं, "साहेब, मग अख्खं वऱ्हाडच काठावर बसलंय." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. लिहून काय घेता!

दर्यापूरच्या अलीकडच्या एका गावात माझ्याकडे एक मुलगी होती. वीस वर्षांची, पहिलटकरीण, बोलायला तिखट. मी दंडाला पट्टा बांधला की म्हणायची, "ताई, इतकं आवळून राह्यल्या, हात ठेवता का नेता?" नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, सासू करारी पण वाईट नाही. सातव्या महिन्यात तिचा बीपी वाढलेला आला. मी तिला सरकारी आरोग्य केंद्रात घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, पंधरा दिवसांची दिली, आणि मला बजावलं की हिचा बीपी दर आठवड्याला बघा, मनावर घ्या. मी म्हटलं, घेते.

तिच्या ओटीला मला बोलावलं होतं. कापसाचं वर्ष बुडालं होतं तरी सासूनं हौस केली, अंगणात मांडव घातला. तिनं हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, मी तिचा हसतानाचा फोटो काढला आणि टॅबवर चढवला, कारण फोटो चढवणं हेही आमच्या कामात होतं. दुसऱ्या दिवशी तिची आई तिला मूर्तिजापूरजवळच्या गावी घेऊन गेली. म्हणजे जिल्हा बदलला. अमरावती संपलं, अकोला लागलं, आणि अकोल्याची सखी वेगळी.

त्याच आठवड्यात कंपनीत पैसे लावणारे लोक बघायला येणार असं कळलं. आमची मुख्य बाई अमरावतीचीच, वयानं मोठी, ती संध्याकाळपर्यंत याद्या स्वच्छ करा म्हणून प्रत्येकीच्या मागे लागली. तिलाही वरून दम असणार. मी दुपारी ऑफिसात बसले आणि माहेरी गेलेल्या सतरा बायांची नोंद एकामागून एक बंद केली. तिच्या नावाशी बोट थांबलं. खरं सांगते, थांबलं. मग मनाशी म्हटलं, टॅबमधून काढलं म्हणून काय झालं, अकोल्याच्या सखीला मी फोनवर सांगीनच. आणि दाबलं.

सांगितलंही. अकोल्याची सखी माझ्या ओळखीची, चांगली पोरगी. तिनं टॅबवर त्या मुलीचं नाव घालून पाहिलं तर टॅब म्हणाला, या आईची नोंद बंद आहे. नवीन नोंद घेईना, जुनी उघडेना. ती म्हणाली, "नोंदच नाई तं मी कोणाच्या घरी जाऊ? माह्याकडे दिवसाले आठ घरं हायेत." मी तिच्यावर चिडले. नवऱ्याला फोन केला तर मागे जिनिंगच्या मशीनचा आवाज, तो ओरडून म्हणाला, माहेरी हाये, बरी असंन. बरी असंन. मी तेवढ्यावर फोन ठेवला. पाहुण्यांची तारीख मग पुढे गेली, तीन आठवडे. ज्यांच्यासाठी घाई केली ते आलेच नाहीत. मधे मी रोज चाळीस-पन्नास किलोमीटर स्कूटी हाणत होते. त्या मुलीची आठवण आली नाही असं म्हणणार नाही. आली की मी उद्या जाऊ असं म्हणायचे. मला लाज वाटते ती ह्याच गोष्टीची. कंपनीला शिव्या देणं सोपं आहे, ते मी अजूनही देते.

शेवटी पाहुणे आले. दोन पुरुष, एक बाई, तिघं मुंबईचे. पडदा लावला, लाल जमीन दाखवली, आलेख दाखवला. आणि मग अख्ख्या पडद्यावर ती. हिरव्या बांगड्या, हसणं. खाली लिहिलेलं होतं: जोखीम निवारण पूर्ण. मला आधी कळेचना. मग लक्षात आलं की नोंद बंद केली की जोखमीची खूणही निघते, आणि निघालेली प्रत्येक खूण पुण्यात निवारणाच्या खात्यात जमा होते. माझ्या सतरा जणींत जोखमीच्या चार होत्या. त्या चारही निवारल्या गेल्या होत्या, मी खुर्चीत बसल्या बसल्या. साहेब सांगत होते की हिचा बीपी किती वाढला होता आणि आपल्या सखीनं तो कसा वेळेत पकडला, आणि माझ्याकडे हात करून उभं राहायला सांगत होते.

पाहुण्यांतल्या बाईनं मला साधं विचारलं, "ती आता कशी आहे?" चांगली बाई असावी. खोलीत तिनं एकटीनंच तो प्रश्न विचारला.

मी म्हटलं, "बघून सांगते." पिशवी उचलली आणि निघाले. साहेब जिन्यापर्यंत आले, आत्ता कुठे चाललात म्हणाले, पाच मिनिटांत जेवण आहे. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. अम्मी असती तर माझ्या थोबाडीत मारली असती.

मूर्तिजापूरपर्यंत दीड तास लागला. घर शोधायला वेळ लागला नाही. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती आणि मी तिला ओळखलं नाही. तोंड सुजून डोळे बारीक झालेले, पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. डोकं दुखते म्हणाली. नजरेपुढे काजवे येतात म्हणाली. हात नेता का ठेवता हे तिनं विचारलं नाही. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या घरात, खालचा एकशे वीस. मी पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा तेच.

गोळ्या कधीच संपल्या होत्या. मी आईला विचारलं, आशाताई येत नाहीत का गावात? आई म्हणाली, "आल्ती न. दोनदा आल्ती. मी कार्ड दाखवलं. म्हटलं, आमच्या लेकीचं नाव कंपनीत हाये, तिले पाहाले कंपनीच्या ताई येतात, तुमी नका त्रास घेऊ." देवाजवळून गुलाबी कार्ड आणून तिनं माझ्या हातात दिलं. सरकारची फुकट येणारी बाई तिनं आमच्या भरवशावर परत पाठवली होती.

एकशे आठची गाडी आली. बोरगावच्या आसपास गाडीतच तिला झटका आला. मी तिची मान एका अंगावर धरून बसले, तोंडातला फेस पुसत होते आणि ड्रायव्हरवर ओरडत होते. अकोल्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला थेट आत घेतलं. त्या डॉक्टर पोरांची झोप झालेली नव्हती, बोलणं उद्धट होतं, पण हात असे चालले की मी बघत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं की बाई वाचली. मुलगा होता, पोटातच गेला होता.

वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात आईनं हे ऐकलं आणि माझे दोन्ही हात धरले. रडत म्हणाली, तुमी आल्या म्हणून माही पोरगी राह्यली, माह्या पोरीच्या जिवाची तुमीच धनीण. मला हात सोडवता येईनात. त्याच वेळी साहेबांचा फोन आला, तो एक हात कसाबसा सोडवून घेतला. त्यांना कळलं होतं. म्हणाले, ग्रेट जॉब, आपण एक जीव वाचवला, घरच्यांबरोबर एक फोटो मिळेल का, त्यांची परवानगी घेऊनच. बाळाचं सांगितल्यावर अरेरे म्हणाले, मनापासून म्हणाले. मग म्हणाले, ओके, मग फक्त आईचा.

फोन ठेवते तोवर सासरची मंडळी आली. नवरा भिंतीशी उभा राहिला. सासूनं नातवाचं ऐकलं, पदर तोंडाला लावला, आणि मग तिचं दुःख तिच्या विहिणीवर तुटून पडलं. आमच्या घरी होती तोवर धडधाकट होती. आमच्या घरी आठ-पंधरा दिवसाले ताई येत होत्या, तपासत होत्या. तुमच्या घरी नेली आणि महिन्याभरात लेकरू घालवलं. तुमाले पोरगी पोसनं होत नाई तं नेली काहून? आई नुसती, मी जीव लावला हो, जीव लावला, इतकंच म्हणत होती. सासू आपल्या मुलाकडे वळून म्हणाली की बरी झाली तर आता हिले इथंच ठेवा, आपल्याले नाई न्यायची. वॉर्डाचं दार उघडं होतं. ती मुलगी शुद्धीवर होती, सलाइन लावलेली, आणि डोळे उघडे ठेवून सगळं ऐकत होती.

मग सासू माझ्याकडे वळली. मी तिच्या बाजूची साक्षीदार होते ना. "सांगा ताई, तुमीच सांगा. आमच्याकडे येत होत्या का नाई तुमी? इकडे आल्यावर काहून नाई आल्या? या लोकायनं बोलावलंच नसंन."

मला गप्प बसता आलं असतं. कोणालाच काही कळलं नसतं. आई मला देवी मानत होती, सासू मला साक्षीदार मानत होती, कंपनी मला टाळ्या देणार होती, आणि टॅबमध्ये तर सगळं निवारलेलंच होतं. मी आत त्या मुलीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी सासूला म्हटलं, "यांची चूक नाही. माहेरी गेली म्हणून मी हिचं नाव यादीतून काढलं. माझ्या हातानं काढलं. माहीत होतं हिला दर आठवड्याला बघायचं आहे, तरी काढलं. गोळ्या संपल्या, आशाताईला यांनी आमच्याच भरवशावर परत पाठवलं. मी महिनाभर आले नाही. हिच्या आईनं काही केलं नाही, मी केलं."

सासू माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग ती बाकावर टेकली. सूनबाईला न्यायचं की नाही यावर ती पुन्हा बोलली नाही, त्या दिवशी तरी. नवरा आत गेला आणि पलंगाशी उभा राहिला.

मुलीच्या आईनं माझा एक हात अजून धरलेला होता. तो तिनं सोडला. हळूच सोडला, झटकला नाही. पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि मला म्हणाली, "सांगतलं ते बरं केलं बाई. आता तू जा."